हेरांचा साहेब आणि 'तलवार'वरची पोरं

माझ्या पीएचडीचा विषय रॉयल इंडियन नेव्हीतले 'रेटिंग', म्हणजे अधिकारी नसलेले साधे नौसैनिक. तरी हा लेख एका साहेबावर आहे. त्याचं कारण एका साध्या प्रश्नात आहे : पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही महायुद्धांत अधिकारी म्हणून काम केलेला भारतीय नौदल अधिकारी कोण?

उत्तर : कोणीही नाही. असूच शकत नव्हता. पहिल्या महायुद्धात इथे नौदल होतं तेच मुळी 'रॉयल इंडियन मरीन' नावाचं, फौजा नि सामान वाहून नेणारं खातं. त्यातले अधिकारी गोरे. खाली काम करणारे खलाशी मात्र आपले, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान फार मोठ्या संख्येने. बाप खलाशी, मुलगा खलाशी, काका खलाशी अशी घरंच्या घरं. ती माणसं बसऱ्याला गेली, तांबड्या समुद्रात गेली, पण त्यांच्यापैकी एकालाही अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला नाही. पहिल्या भारतीयाला, इंजिनिअर सब-लेफ्टनंट डी. एन. मुखर्जी यांना, कमिशन मिळालं ते १९२८ साली. म्हणजे पहिलं युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. मरीनचं 'रॉयल इंडियन नेव्ही' असं बारसं झालं २ ऑक्टोबर १९३४ रोजी, आणि पाच वर्षांत दुसरं युद्ध सुरू झालं.

म्हणून दोन युद्धांमधून गेलेली कारकीर्द बघायची तर ती एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्याचीच बघावी लागते. मी निवडलाय जॉन हेन्री गोडफ्रे. कारण त्याची कारकीर्द लंडनमध्ये जितकी वर चढली तितकीच ती मुंबईच्या बंदरात अडकली. आणि माझ्या रेटिंगांशी त्याची गाठ पडली, ती फेब्रुवारी १९४६ मध्ये.

सुरुवातीचं पटकन सांगते. जन्म १८८८. पंधराव्या वर्षी 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण नौकेवर दाखल. पहिल्या युद्धात 'युरायलस' या क्रूझरवर, गॅलिपोलीच्या मोहिमेत. २५ एप्रिल १९१५ रोजी तिथल्या किनाऱ्यांवर फौजा उतरवल्या गेल्या तेव्हा किनाऱ्याची धड माहिती नव्हती. पाणी किती खोल, वाळूमागे कडा किती उंच, तुर्कांनी तारा कुठे लावल्यात, यातलं बरंचसं अंदाजपंचे. माणसं होड्यांतून उतरताना मेली. नंतर भूमध्य समुद्रातल्या सरसेनापतीच्या कचेरीत काम, मग चीनकडच्या समुद्रात क्रूझरांची कप्तानी, ॲडमिरल्टीच्या योजना विभागात उपसंचालक, आणि १९३६ पासून 'रिपल्स' या बॅटलक्रूझरचा कप्तान. नौदलात याला सरळ चढता जिना म्हणतात.

जानेवारी १९३९ मध्ये तो नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचा संचालक झाला. इथे मात्र थोडं थांबूया.

गोडफ्रेचं नाव आज कोणी घेतलंच तर ते इयान फ्लेमिंगमुळे. फ्लेमिंग हा त्याचा मदतनीस, आणि पुढे त्याने जेम्स बाँडचा 'एम' हा कडक म्हातारा साहेब रंगवला तो बराचसा गोडफ्रेवरून. बाँडपटांचा विषय निघाला की मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून तो इथेच सोडते. मला त्याच्या कामात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे बातमीला गुण देण्याची पद्धत. कुठूनही बातमी आली, की तिला दोन खुणा द्यायच्या. एक अक्षर आणि एक आकडा. अक्षर सांगणार की बातमी आणणारा माणूस एरवी कितपत भरवशाचा आहे. आकडा सांगणार की ही विशिष्ट बातमी कितपत खरी वाटते. दोन्हींचा हिशेब वेगळा. ए-१ म्हणजे पक्का माणूस, पक्की बातमी. पण भरवशाचा माणूसही थाप आणू शकतो, आणि ज्याच्यावर कवडीचा विश्वास नाही अशा माणसाच्या तोंडूनही खरी गोष्ट निघू शकते. त्यामुळे 'कोण बोलतोय' आणि 'काय बोलतोय' यांची गल्लत करायची नाही. ऐकायला किती साधं आहे! आपण रोजच्या आयुष्यात नेमकं उलट करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जर्मन गुप्तचरांविषयीचं त्याचं निदान. त्याच्या मते त्यांना दोन रोग होते. जे हवं तेच दिसणं हा एक, आणि साहेबाला जे आवडेल तेच सांगणं हा दुसरा. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या सहीने शत्रूला फसवायच्या युक्त्यांचा एक कागद निघाला होता. त्यात खोटी कागदपत्रं खिशात ठेवून एक प्रेत शत्रूच्या हाती पडू द्यायचं, अशीही एक कल्पना होती. १९४३ साली स्पेनच्या किनाऱ्यावर ती खरंच वापरली गेली. जर्मनांनी ते कागद खरे मानले, कारण त्यांना ते खरे असायला हवे होते.

गॅलिपोलीचा धडाही तो विसरला नव्हता असं मला वाटतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्राध्यापकांना बसवून त्याने देशोदेशींचे किनारे, बंदरं, रस्ते, पाणी, पिकं यांची जाडजूड भूगोल-पुस्तकं तयार करून घेतली. उतरायचं तिथली माहिती आधी हवी, हा त्यामागचा आग्रह.

आणि तो स्वतः होयबा नव्हता. किती जर्मन पाणबुड्या बुडाल्या, याचे फुगवलेले आकडे चर्चिलला प्रिय होते. गोडफ्रेच्या विभागाचे आकडे त्याहून कमी असायचे आणि तो ते खाली-वर करायला तयार नसायचा. पण स्वभाव फटकळ. लष्कर नि विमानदलाच्या गुप्तवार्ता प्रमुखांशी त्याचं जमेना. १९४२ साली व्हाइस ॲडमिरलपदावर बढती मिळते न मिळते तोच त्याला पदावरून हलवलं गेलं. युद्धातल्या या कामासाठी त्याच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांना 'सर'की मिळाली, त्याला काहीच नाही. १९४३ च्या सुरुवातीला त्याला हिंदुस्थानात धाडलं, रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख म्हणून. कागदावर मोठं पद. खरं तर बाजूला काढणंच.

इथे आल्यावर त्याच्या हाती काय लागलं? युद्धाच्या सुरुवातीला या नौदलात दोन हजारही माणसं नव्हती. १९४५ पर्यंत ती सुमारे तीस हजार झाली. सहा वर्षांत पंधरा पट! कुठल्याही कारखान्याला विचारा, इतक्या वेगाने माणसं भरली की काय होतं. जुना कोकणी खलाशी आता संख्येने मागे पडला. पंजाब, बंगाल, मद्रास, त्रावणकोर, सगळीकडून पोरं आली. त्यांतली बरीच मॅट्रिकपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, कारण बिनतारी संदेश, रडार, इंजिनं ही कामं शिकलेल्या माणसाशिवाय होत नाहीत. भरतीच्या वेळी त्यांना चांगलं जेवण, चांगला पगार, हाताला कायमचा धंदा अशी स्वप्नं दाखवली होती. या नौदलाने लढाई नीट केली. आराकानच्या किनाऱ्यावर १९४४–४५ मध्ये त्याच्या जहाजांनी भरपूर काम केलं. त्यात गोडफ्रेच्या संघटनकौशल्याचा वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

आपल्या भागाशी याचा संबंध फार जवळचा आहे. चिंचवडहून लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलं की लोणावळा. तिथलं 'आय.एन.एस. शिवाजी' आपल्याला ठाऊक असतं. ते 'एच.एम.आय.एस. शिवाजी' म्हणून सुरू झालं १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, गोडफ्रेच्याच कारकिर्दीत, जहाजांच्या इंजिनांवर काम करणारी माणसं तयार करायला. ब्रिटिश राजाच्या नौदलातल्या केंद्राला शिवाजी महाराजांचं नाव! या नावामागचं राजकारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगते की पुढच्याच महिन्यात, मार्च १९४५ मध्ये, या 'शिवाजी'वर शिस्तभंगाचा एक प्रकार घडला आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद 'बंड' म्हणून झाली.

आणि ते एकटं नव्हतं. १९४२ ते १९४५ या काळात रॉयल इंडियन नेव्हीत अशी नऊ छोटी-मोठी बंडं मोजली गेली. मुंबईचं यांत्रिकी प्रशिक्षण केंद्र, 'कोकण', 'खैबर', 'हमलावर', 'अकबर', कराचीचं 'हिमालय', आणि लोणावळ्याचं 'शिवाजी'. कुठे जेवण, कुठे वागणूक, कुठे धर्माच्या बाबतीतला अपमान. काही गोडफ्रे यायच्या आधीची, पण काही थेट त्याच्या काळातली. प्रत्येक वेळी कारण 'स्थानिक' ठरलं, काहींना शिक्षा झाली, फाइल बंद झाली.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा इथे सुरू होतो. या नऊ घटनांना कोणी अक्षर आणि आकडा दिला असता तर? मला वाटतं अक्षर सगळ्यात खालचं पडलं असतं, कारण सांगणारा साधा रेटिंग होता, तोही काळा. आणि अक्षर खालचं म्हणून आकडाही न बघताच खालचा. लंडनमध्ये ज्या माणसाने 'कोण' आणि 'काय' वेगळं ठेवायचं शिकवलं, त्याच्याच नौदलात तक्रार वर जाताना प्रत्येक पायरीवर 'कोण' एवढंच पाहिलं जात होतं. डाळ-भातात खडे निघतात, हे रेटिंग सांगतो तेव्हा ती कुरकुर असते. अधिकाऱ्याने तेच लिहिलं तर तो अहवाल होतो. पण अधिकारी तसं लिहिणार कशाला? दिल्लीला काय ऐकायला आवडतं हे त्याला माहीत. जर्मनांचे दोन्ही रोग इथे हजर होते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. कँटीनच्या जेवणावरून काम थांबतं तेव्हा कारण फक्त जेवण नसतं, हे लाइनवरच्या प्रत्येकाला कळत असतं. वरच्या मजल्यावर मात्र 'जेवणाचा प्रश्न' एवढंच पोचतं, नि कंत्राटदार बदलला जातो.

आता 'तलवार'. कुलाब्याचं हे केंद्र म्हणजे संदेशवहनाची शाळा. इथली पोरं नौदलात सर्वांत शिकलेली. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिनासाठी केंद्र लोकांना बघायला खुलं होणार होतं. त्या सकाळी भिंतींवर 'भारत छोडो' आणि साम्राज्यशाहीविरोधी घोषणा रंगवलेल्या सापडल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरिष्ठांच्या भेटीआधी सलामीच्या चौथऱ्यावर पुन्हा तेच. या वेळी बलाईचंद्र दत्त नावाचा तरुण टेलिग्राफिस्ट पकडला गेला. 'तलवार'चा नवा प्रमुख कमांडर किंग हा रेटिंगांना कुली, जंगली आणि त्याहून घाण शिव्या देत असे. चौदा जणांनी रीतसर, नियमाप्रमाणे, एकेकट्याने लेखी तक्रारी केल्या. एकत्र तक्रार केली तर तीच बंडखोरी ठरते, म्हणून एकेकट्याने. मग झालं काय, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच किंगसमोर त्यांना उभं केलं गेलं, आणि खोटी तक्रार केल्यास काय होतं याची समज देऊन विचार करायला चोवीस तास देण्यात आले.

मला हे चोवीस तास फार महत्त्वाचे वाटतात. तोपर्यंत पोरं नियमाने चालली होती. १८ फेब्रुवारीच्या सकाळी त्यांनी नाश्ता नाकारला. जेवण नाही तर काम नाही.

संदेशवहनाच्या शाळेत संप झाला, याचा अर्थ काय होतो ते गोडफ्रेला तरी कळायला हवं होतं. बिनतारी यंत्रं कोणाच्या हातात होती? त्याच पोरांच्या. दोन दिवसांत मुंबईच्या बंदरातली जहाजं, ठाण्याजवळचं 'अकबर', कराची, मद्रास, कलकत्ता, सगळीकडे बातमी गेली. ढोबळ आकडे सांगायचे तर ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० केंद्रं, सुमारे २०,००० माणसं. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष असे तिन्ही झेंडे चढले. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. दोघेही तरुण सिग्नलमन-टेलिग्राफिस्ट. मागण्यांची यादी बघितली की जाणवतं, चांगलं जेवण आणि गोऱ्या नौसैनिकांइतका पगार यांच्या शेजारीच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणं हेही आहे. काही अभ्यासक यातल्या 'खऱ्या' मागण्या कोणत्या, पोटाच्या की राजकारणाच्या, असा वाद घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. त्या पोरांनी दोन्ही एकाच कागदावर लिहिलं, यातच उत्तर आहे.

गोडफ्रे १९ तारखेला मुंबईत पोचला. किंगला हलवलं गेलं होतं, पण ती वेळ टळून गेली होती. २० तारखेला रेटिंगांना बराकीत परतायचा हुकूम सुटला. फोर्टातल्या कॅसल बराक्सवर लष्कराचा पहारा बसला, आणि पहाऱ्यावर होते मराठा पलटणीचे जवान. आत आपली पोरं, बाहेर आपलीच पोरं. २१ च्या सकाळी आतल्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला, गोळीबार झाला, आणि कित्येक तास चकमक चालली. मुंबईतली सूत्रं तोपर्यंत नौदलाच्या हातातून लष्कराकडे गेली होती. सदर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल लॉकहार्ट, म्हणजे पुण्याचं मुख्यालय, आता सगळं बघत होतं.

त्याच दुपारी गोडफ्रेने ऑल इंडिया रेडिओवरून आपल्या नौसैनिकांना उद्देशून भाषण केलं. मथितार्थ असा, की सरकारकडे प्रचंड बळ आहे, ते पुरेपूर वापरलं जाईल, मग ज्या नौदलाचा आपल्याला अभिमान आहे ते सगळं नष्ट झालं तरी बेहत्तर. डोक्यावरून लष्करी विमानं घिरट्या घालत होती.

हे भाषण मी कित्येकदा वाचलंय. एक तर ते धमकीचं होतंच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. गॅलिपोलीपासून एकतीस वर्षं ज्याने माहिती आधी आणि गोळी नंतर असं मानलं, त्याच्याकडे त्या दिवशी आपल्याच माणसांबद्दल माहिती म्हणून काही उरलंच नव्हतं. उरलं होतं फक्त बळ. रेडिओवरून बोलावं लागलं, कारण मधल्या पायऱ्यांवरून त्याचा शब्द खाली पोचत नव्हता. जसा खालचा शब्द तीन वर्षं वर पोचला नव्हता.

परिणाम उलटा झाला. मुंबई पेटली. गेटवेवर लोक नौसैनिकांसाठी जेवणाचे डबे घेऊन आले होते; २२ तारखेला गिरणी कामगार संपावर उतरले. लालबाग-परळमध्ये लष्कराने गोळ्या चालवल्या. परळला कमल दोंदे ही कम्युनिस्ट कार्यकर्ती मारली गेली. सरकारी हिशेबानेही दोनशेच्या वर माणसं मेली, बहुतेक सगळे साधे नागरिक. नौसैनिकांपेक्षा शहर जास्त मेलं, आणि तरी या घटनेला आपण 'नाविकांचं बंड' म्हणतो! सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, कोणावर सूड उगवला जाणार नाही असा निरोप आला, लीगचाही सूर तोच. २३ च्या सकाळी सहाला जहाजांवर काळे झेंडे चढले. सूड उगवला गेला. अटका झाल्या, शेकडो जणांना घरी पाठवलं, आणि ना भारताच्या ना पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतलं.

गोडफ्रेच्या जागी व्हाइस ॲडमिरल माइल्स आला. पाटण्याचे न्यायमूर्ती सर फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगासमोर प्रथमच रेटिंगांचं म्हणणं न्यायाधीशांनी ऐकून लिहून घेतलं : जेवण, शिव्या, पगारातली तफावत, युद्ध संपल्यावर घरी पाठवण्यातला गोंधळ, आणि तक्रारीला दाद नसणं. लोणावळा, 'अकबर', 'हिमालय' या जुन्या फाइली पुन्हा उघडल्या. तीच माहिती, तीच माणसं. फरक एवढाच, की आता ती न्यायमूर्तींच्या सहीने आली होती, म्हणून तिला वरचं अक्षर मिळालं.

गोडफ्रेने म्हातारपणी आपल्या आठवणी अनेक खंडांत लिहून काढल्या, पण त्या पुस्तकाच्या दुकानात कधी आल्या नाहीत. बलाईचंद्र दत्त मुंबईतच राहिले, वर्तमानपत्रात नोकरी केली, आणि १९७१ साली 'म्यूटिनी ऑफ द इनोसंट्स' हे पुस्तक छापलं. कॅसल बराक्सचं नाव आता आय.एन.एस. आंग्रे आहे.